दोन सीटची गाडी

दोन सीटची गाडी घ्यायची नाही, हे आमच्या घरात कुणी न बोलता ठरलेलं होतं. पैशाचा प्रश्न नव्हता. जुनी माझदा एमएक्स-५ जर्मनीत नव्या छोट्या गाडीपेक्षा स्वस्तात मिळते. प्रश्न मागच्या सीटचा होता. उद्या मूल झालं तर त्याला बसवायचं कुठे? म्हणून आमच्याकडे पाच दारांची, डिकीत बाबागाडी आडवी मावेल अशी शहाणी गाडी होती. त्या डिकीतून आम्ही वर्षानुवर्षं पाण्याचे क्रेट आणले आणि रिकाम्या बाटल्या दुकानात परत नेऊन दिल्या.

मी मूळची कोल्हापूरची. आप्पांचं उद्यमनगरात इंजिन रिबोअरिंगचं वर्कशॉप होतं. शाळेतून आलं की कुठला सिलिंडर मिसफायर करतोय ते नुसतं ऐकून सांगायचं, हा आम्हा भावंडांचा खेळ. घरची गाडी प्रीमियर पद्मिनी. आंबा घाटातून रत्नागिरीला उतरताना आप्पा ती ज्या पद्धतीनं चालवायचे ते आईला कधीच पसंत पडलं नाही. मी मात्र पुढच्या दोन सीटांच्या मधून डोकं काढून त्यांचे पाय बघत बसायचे. पुढे मेकॅनिकल केलं, नोकरीनिमित्त कोलोनला आले, लग्न झालं, आणि गाड्यांचं वेड मासिकं चाळण्यापुरतं उरलं.

मग मूल व्हावं म्हणून उपचार सुरू झाले. आयव्हीएफबद्दल, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करण्याच्या उपचाराबद्दल, लिहिणाऱ्या बायका आता पुष्कळ आहेत, म्हणून मी थोडक्यात सांगते. जर्मनीत सरकारी आरोग्यविमा विवाहित जोडप्याच्या पहिल्या तीन प्रयत्नांचा निम्मा खर्च उचलतो. बाईचं वय २५ ते ४० च्या दरम्यान हवं, नवऱ्याचं पन्नाशीच्या आत. दुसऱ्या स्त्रीचं बीज घेण्याची वाट इथे १९९१ पासून कायद्यानंच बंद आहे. पोटात इंजेक्शनं, सतत रक्ततपासण्या, सोनोग्राफीच्या पडद्यावर फॉलिकलची, म्हणजे बीज वाढतं त्या पिशव्यांची, मापं, मग ट्रान्सफर, म्हणजे गर्भ आत सोडणं, आणि त्यानंतरचे ते दोन आठवडे. शेवटी दुपारी केव्हातरी क्लिनिकमधून फोन यायचा आणि पलीकडची बाई सौम्य आवाजात एक आकडा सांगायची, रक्तातल्या गर्भधारणेच्या हार्मोनचा.

मला सगळ्यात जाचली ती एक गोष्ट. मी काय केलं आणि काय झालं, यांचा एकमेकांशी संबंधच लागेना. औषधं मिनिटाच्या हिशेबानं घेतली, कॉफी सोडली, जिने चढायचं टाळलं, तरी आकडा शून्यापाशी. पुढच्या खेपेला जरा हयगय झाली, तर आकडा चढला, आणि मग आठवड्याभरात उतरला. इंजिनिअर बाईला असलं यंत्र सहन होत नाही. त्यातून ते यंत्र म्हणजे मीच.

माझी चाळिशी आली, विमा थांबला, आणि एका संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून थांबायचं ठरवलं. नवऱ्यानं उरलेली औषधं फ्रिजच्या दारातून काढली. त्या कप्प्यात आता लोणच्याच्या बरण्या असतात.

त्यानंतरचा हिवाळा वाईट गेला. मी मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला जायचं बंद केलं. आईशी फोनवर फक्त भाज्यांबद्दल बोलायचे. रात्री झोप यायची नाही, तेव्हा फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत पडायचे. मागच्या सीटची अट आता उरली नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा आधी रडू आलं, आणि मग, खरं सांगते, फिल्टरमध्ये मी ‘दोन दारं’ निवडलं.

एमएक्स-५ माझदानं १९८९ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये पहिल्यांदा दाखवली. त्या पहिल्या पिढीतली मला हवी होती: १.६ लिटरचं इंजिन, कापडी छत, उघडमिट करणारे हेडलाइट, मागच्या चाकांना ताकद आणि वजन जेमतेम एक टन. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, हे ती घडवणाऱ्यांचं सूत्र होतं. ताकद ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास, म्हणजे आजच्या मोठ्या स्पोर्ट्स कारच्या तुलनेत चिल्लर. पॉर्शेवाले तिला स्पोर्ट्स कार म्हणायलाही तयार नसतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

गाडी बघायला जायच्या आदल्या दिवशी आप्पांना फोन केला. उपचार थांबवल्यापासून त्यांच्याशी धड बोलणं झालं नव्हतं. अशा विषयावर बाप-लेकीनं बोलायचं तरी काय? गाडी म्हटल्यावर त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला.

“आदी खालनं गंज बघ, पोरी. इंजन काय, उघडून बशिवता येतंय. पत्रा गेला की गेला.”

ते बरोबरच होतं. या गाडीच्या छतावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन नळ्यांतून खाली जातं. त्या नळ्या पानं-कचऱ्यानं तुंबल्या की पाणी दाराखालच्या पोकळ पत्र्यात साठतं आणि तो आतून कुजायला लागतो. वरून रंग चकचकीत दिसतो. मी एका निवृत्त गृहस्थांच्या अंगणात फोनचा टॉर्च घेऊन गाडीखाली पाठीवर सरकले. म्हातारबुवांनी एक शब्द न बोलता घरातून पुठ्ठा आणून माझ्या पाठीखाली सारला. डावीकडचा पत्रा बदललेला होता, काम स्वच्छ होतं. गाडी घेतली.

तिला मोसमी नंबरप्लेट आहे. प्लेटच्या कडेला ०४ आणि १० असे आकडे असतात, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, बाकीचे महिने आत. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते जुन्या पत्र्याला खातं.

चालवायला घेतल्यावर पहिल्यांदा कळलं की मला गाडी चालवता येत नाही. मुक्कामाला पोचता येत होतं, तेवढंच. म्हणून आयफेलच्या डोंगरातल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकजवळच्या वाहनसुरक्षा केंद्रात नाव नोंदवलं. तिथे ओल्या, गुळगुळीत केलेल्या फरशीच्या सुरुवातीला जमिनीत एक पट्टी बसवलेली असते. तुमची मागची चाकं तिच्यावर आली की ती बाजूला झटका देते आणि गाडी गरकन फिरायला लागते. झटका डावीकडे की उजवीकडे, ते आधी कळत नाही. समोर पाण्याचे फवारे उडालेले असतात, तेच अडथळे.

शिकवणारे साठीचे, जाडजूड मिशांचे. वॉकीटॉकीवर एकच वाक्य सारखं म्हणायचे: जिथे जायचंय तिथे बघा. मी फवाऱ्याकडे बघायचे आणि थेट फवाऱ्यात जायचे. माणसाचे हात नजरेच्या मागे जातात, आणि भीती वाटली की नजर नेमकी भीतीच्या जागी चिकटते. घसरणाऱ्या गाडीत मान वळवून मोकळ्या जागेकडे बघणं शरीराला अजिबात पटत नाही. ते शिकवावं लागतं. दुपारनंतर केव्हातरी हात आपोआप उलटे फिरले, गाडी सरळ झाली, आणि वॉकीटॉकीवर नुसतं “हं” ऐकू आलं.

मग वजनाचा हिशेब आला. गाडीचा रस्त्याशी संबंध फक्त चार जागी, आणि प्रत्येक जागा तळहाताएवढी. ब्रेक दाबला की वजन पुढे येतं, पुढची चाकं घट्ट धरतात, मागची हलकी होतात. ॲक्सिलरेटर दिला की उलट. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय झटकन उचलला तर मागची चाकं ऐन गरजेच्या वेळी हलकी पडतात आणि गाडीची शेपूट बाहेर निघते. हे सगळं मी कॉलेजात गणितात केलेलं होतं. आप्पांना रात्री सांगितलं तर ते म्हणाले, “मागनं ढकलणारी गाडी हाय ती. वळणात पाय एकदम उचलायचा न्हाई, मागची बाजू म्होरं येती. आंबा घाटात पावसाचं काय करत होतो मग मी?” इतकी वर्षं मी त्यांचे पाय बघत होते ते हेच.

इथे मला जे सापडलं ते नीट सांगायला हवं, कारण वेगामुळे दुःख मागे पडतं वगैरे जे लोक म्हणतात ते मला खोटं वाटतं. वेगानं काही मागे पडत नाही. हमरस्त्यावर जिथे मर्यादा नाही तिथे मी ताशी १८० नं गेले आहे आणि अख्खा वेळ क्लिनिकचाच विचार करत होते. माझ्या कामाला आलं ते दुसरंच काही: गाडी उत्तर देते. मी ब्रेक जरा लवकर सोडला, तर त्याच सेकंदाला स्टिअरिंग हलकं होऊन सांगतं. हळुवार दिलं तर हळुवार परत मिळतं. चूक कुणाची हे शोधायला दोन आठवडे थांबावं लागत नाही.

आणि उत्तर येतं ते शरीरात. मागचं चाक सुटायला लागल्याची पहिली बातमी डोळ्यांना किंवा हातांना लागत नाही, ती कमरेला लागते. सीटमधून, माकडहाडापाशी, एक बारीक सरकल्याची जाणीव. कित्येक वर्षं माझं कमरेखालचं शरीर म्हणजे दुसऱ्यांनी मापं घ्यायची, सुया घालायच्या आणि निकाल द्यायची जागा होती. मीही त्याच्याकडे तोट्यातल्या खात्यासारखीच बघत होते. त्याच शरीराला हे बारीक काम येतंय, आणि पट्टीच्या माणसाइतकं येतंय, हे मला एका ओल्या फरशीवर कळलं. परत येताना आयफेलच्या जंगलात गाडी कडेला घेतली आणि खूप रडले. ते रडणं आधीच्या रडण्यापेक्षा वेगळं होतं.

नॉर्डश्लाइफवर, म्हणजे न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकवर, गेले ते त्याच्या पुष्कळ नंतर. आयफेल हा एकेकाळी गरीब, उपेक्षित डोंगराळ मुलूख. हातांना काम मिळावं म्हणून १९२५ मध्ये हा ट्रॅक बांधायला घेतला, आपल्याकडे दुष्काळी कामं काढत तसा, आणि जून १९२७ मध्ये तो सुरू झाला. लांबी जवळपास २०.८ किलोमीटर, अधिकृत मोजणीनुसार ७३ वळणं, आणि सगळ्यात खालच्या व वरच्या जागेत सुमारे ३०० मीटरचा फरक. एका टोकाला ऊन असतं तेव्हा दुसऱ्या टोकाला पाऊस असू शकतो. फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा १ ऑगस्ट १९७६ ला इथेच बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे अपघातात भाजला आणि सहा आठवड्यांत मोन्झाला परत शर्यतीत उतरून चौथा आला. फॉर्म्युला वनची गाडी मात्र या लांब ट्रॅकवर पुन्हा शर्यतीला आली नाही.

शर्यत किंवा चाचण्या नसतात तेव्हा तिकीट काढून कुणीही स्वतःची गाडी तिथे नेऊ शकतं. कायद्याच्या दृष्टीनं तो तेव्हा एकेरी वाहतुकीचा टोल रस्ता असतो. वाहतुकीचे नियम लागू, ओव्हरटेक फक्त डावीकडून, वेळ मोजायला बंदी. बऱ्याच विमा पॉलिसी तिथला अपघात भरत नाहीत. कठडा वाकवला तर त्याचे पैसे, टोइंगचे पैसे, सगळं तुमच्याकडे. हे मी मुद्दाम लिहितेय. इंटरनेटवरच्या व्हिडिओंत फक्त हसू दिसतं.

माझा तिथला पहिला फेरा म्हणजे उजव्या कडेनं, उजवा इंडिकेटर देत, सगळ्यांना पुढे जाऊ देणं. तरीही हात थरथरत होते. हळूहळू जागा ओळखीच्या झाल्या. हात्सेनबाखची डाव्या-उजव्या वळणांची माळ, तिथे एक वळण चुकलं की पुढची सगळी चुकतात. फुक्सर्योरंचा उतार, तळाशी गाडी दाबली जाते आणि पोट पाठीला लागतं. ब्रायडशाइडचा पूल, सगळ्यात खालची जागा. तिथून केसेलशेनची लांबच लांब चढण, माझी बिचारी सोळाशे सीसी धापा टाकते आणि मागचे सगळे निघून जातात. मग कारुसेल, सिमेंटच्या तिरक्या फरसबंदीचं कढईसारखं वळण, ज्यात गाडी खडखडत आत पडते आणि शेवटी बाहेर फेकली जाते.

या सगळ्यात डोक्यात दुसरं काही शिरायला फटच नसते. पुढचं वळण टेकडीआड असतं, ते पाठ हवं, आरशात कुणीतरी वेगात येतंय, झाडाखालचा डांबर ओला आहे. मग गाल्गेनकोफचं उजवं वळण संपतं आणि समोर ड्योटिंगर ह्योएची सरळ पट्टी येते, सुमारे दोन किलोमीटर. तिथे करण्यासारखं काही नसतं. चौथा, पाचवा गिअर, पाय खाली. आणि नेमकं तिथेच सगळं परत येतं. पहिल्यांदा मला राग आला होता, इतकं करून इथे पुन्हा तेच? पण ते जे परत यायचं ते आकाराला लहान असायचं. एकच गोष्ट, एखादा फोन, एखादं सोनोग्राफीतलं चित्र. तेवढी एक गोष्ट मी फेरा संपतो त्या कमानीपर्यंत बघू शकत होते. मग ब्रेक, शंकूंच्या मधून पार्किंग, इंजिन गार होईपर्यंत थांबायचं.

ट्रॅकच्या पहिल्या वळणाला आता साबीने श्मित्सचं नाव आहे. न्युर्बुर्ग गावात, आईवडिलांच्या हॉटेलात वाढलेली ही बाई १९९६ आणि १९९७ असं दोनदा इथली २४ तासांची शर्यत जिंकली. ती जिंकणारी पहिली स्त्री. पर्यटकांना बीएमडब्ल्यूच्या ‘रिंगटॅक्सी’त बसवून हसत-गप्पा मारत फिरवायची. २०१७ पासून तिला कॅन्सर होता, मार्च २०२१ मध्ये ती गेली. त्या वळणावर मी जरा जास्तच नीट वळते. का ते विचारू नका.

तिथे जायचा रस्ता आहार नदीच्या खोऱ्यातून जातो. जुलै २०२१ च्या पुरानं त्या खोऱ्यातली गावं, पूल, रेल्वे सगळं उचलून नेलं. तेव्हा रिंगच्या आवारात मदतीच्या सामानाचे ढीग लागले होते, मदतकार्याचा तळ तिथेच होता. मी जायला लागले तेव्हाही आल्टेनआहारच्या बाजूला घरांच्या भिंतींवर पहिल्या मजल्याच्या उंचीला चिखलाची रेघ दिसायची. छत उघडून त्या गावांतून जाताना मी गाडी ताशी तीसनं नेते. दारं-खिडक्या नसलेल्या घरांसमोर आपल्या छंदाचा आवाज करणं बरं दिसत नाही.

नवऱ्याला या सगळ्यात रस नाही. वळणांत त्याला मळमळतं. पण तो सोबत येतो. ब्र्युन्शेनला प्रेक्षकांच्या कुंपणापाशी थर्मास घेऊन उभा राहतो आणि मी दिसले की हात वर करतो. आमच्यातलं बोलणं सुरू झालं ते परतीच्या रस्त्यावर. घरी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून आम्हाला एक वाक्य जमत नव्हतं. गाडीत दोघांनी पुढे बघायचं असतं, इंजिनाचा आवाज असतो, गप्प बसलं तरी चालतं. एकदा आडेनाऊ ओलांडल्यावर तो म्हणाला की त्यानं एक नाव ठरवून ठेवलं होतं. मला कधी सांगितलं नव्हतं. मी गिअर बदलला आणि विचारलं, कुठलं? ते इथे लिहीत नाही.

सांगलीहून सासूबाई आल्या होत्या. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, “दोघांचीच?” मी म्हटलं, “हो आई, दोघांचीच.” त्यांनी पदर कमरेला खोचला, आत बसल्या, आणि पट्टा कुठे आहे ते विचारलं.

काही दिवस मी गाडीला हात लावत नाही. झोप झाली नसेल, कुणाच्या बारशाचं आमंत्रण आलेलं असेल, छातीत राग बसलेला असेल, तर किल्ली खुंटीवरच राहते. रागात पाय जड होतो आणि नजर जवळ येते. शिकवणाऱ्या मिशाळांनी हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. शिवाय जे समुपदेशकाकडे जाऊन बोलायचं ते मी तिकडेच बोलले. गाडीनं ते काम केलं नसतं.

मंडळातली एक मैत्रीण सध्या उपचारांत आहे, माझ्याहून बरीच लहान. तिनं विचारलं, मीही अशी गाडी घेऊ का? मी सरळ नाही म्हटलं. गाडी महिन्याला पैसे खाते, गंज लागतो, आणि तिला मुळात गाड्यांची आवडही नाही. पण एका रविवारी तिला आयफेलमध्ये फिरवून आणलं, छत उघडं, रस्ता रिकामा, वेग सभ्य. परतताना म्हणाली, थोडा वेळ मला दे ना चालवायला. देता आली नाही. तिच्याकडे भारतातला परवाना. तो इथे राहायला आल्यावर सहा महिनेच चालतो, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा नव्यानं द्याव्या लागतात. तिनं दुसऱ्या आठवड्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. परवा तिचा फोन आला, ट्रान्सफरनंतरच्या त्या दोन आठवड्यांत. पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग चारही बाजूंनी एकाच वेळी गाड्या आल्या तर पहिली कुणी जायचं? आम्ही कागदावर चौक काढून त्यावर अर्धा तास भांडलो.